विधवेची दोन नाणी आणि आमची घाई



पवित्र बायबलमधले वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवूनही माणूस खोटे बोलू शकतो काय? प्रश्न जरा विचित्र वाटेल. देवाचे वचन सत्य आहे, मग ते वाचणारा खोटा कसा ठरेल? आम्हालाही हा प्रश्न कधी पडला नसता. पण काही वर्षांपूर्वी आमच्याच हातून एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही. आज तो आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमच्या वस्तीतल्या सभागृहाचे पत्रे गळत होते. पावसाळ्याआधी छप्पर बदलायचे ठरले आणि वर्गणीसाठी आम्ही पाच-सहा जण मे महिन्याच्या उन्हात, डोक्याला दुपट्टे बांधून घरोघरी निघालो. प्रत्येक घरी आधी छोटीशी प्रार्थना करायची, मार्कच्या शुभवर्तमानातला गरीब विधवेच्या दानाचा उतारा वाचायचा आणि मग पावतीपुस्तक काढायचे, असा आमचा क्रम होता. चार ओळींचाच उतारा, पण परिणाम मोठा होत असे. लोकांचे डोळे भरून येत आणि हात खिशाकडे जात.

एका घरी एक आजी एकट्याच राहत होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षे झालेली. तीन घरची धुणीभांडी करून त्यांचे पोट चालत होते. आम्ही वाचन केले. आजींनी शांतपणे ऐकले, आत गेल्या आणि देवघरातल्या पवित्र मातेच्या तसबिरीमागून पाचशेच्या दोन नोटा काढून आणल्या. आम्ही नको म्हणालो काय? नाही. आम्ही पावती फाडली. पुढच्या रविवारी मिस्सानंतर, नाव न घेता, त्यांचा दाखलाही दिला: पाहा, आपल्यातही अशी विधवा आहे!

जून महिन्यात आजी कामावर असताना चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात नेले तेव्हा कळले की महिनाभर साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्याच नव्हत्या. गोळ्यांचे पैसे कुठे गेले, हे आजींनी कोणाला सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. पावतीपुस्तक आमच्याकडेच होते.

आधी पाहा, मग बोला

आमच्या लघु ख्रिस्ती समूहाच्या पुढच्या बैठकीत कोणीच फारसे बोलेना. शेवटी बी.एड. करणाऱ्या एका मुलीने सुचवले, "आपण तो उतारा पुन्हा एकदा वाचू या का? पण या वेळी उद्गामी पद्धतीने." आमच्यातल्या शिक्षकमंडळींना शब्द ओळखीचा होता. आधी नियम सांगून मग उदाहरणे द्यायची, ती अवगामी पद्धत. आधी उदाहरणे पाहायची, त्यांतले सारखेपण आणि वेगळेपण टिपायचे आणि त्यातून नियमापर्यंत जायचे, ती उद्गामी पद्धत. गणिताच्या आणि व्याकरणाच्या तासाला आपण ती वापरतो. बायबल वाचताना मात्र नेमके उलटे करतो. अर्थ आधीच ठरलेला असतो आणि त्याला आधार म्हणून एखादी ओळ शोधली जाते.

तिने तीन साधे नियम घातले. पहिला, उतारा जिथे सुरू होतो असे आपल्याला वाटते त्याच्या थोडे आधीपासून आणि थोडे पुढपर्यंत वाचायचे. दुसरा, पहिल्या बैठकीत अर्थ सांगायचा नाही. फक्त काय लिहिले आहे ते सांगायचे. तिसरा, जो जे म्हणेल त्याने ते कोणत्या ओवीत आहे त्यावर बोट ठेवायचे.

ऐकायला सोपे, करायला अवघड! आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ लगेच म्हणाले, "येशूने त्या विधवेची स्तुती केली आणि आपल्यालाही तसेच द्यायला सांगितले." ती मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, कुठल्या ओवीत?" काकांनी चष्मा पुसला, दोनदा वाचले, तिसऱ्यांदा वाचले आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "नाही बुवा. तसे कुठे लिहिलेले नाही."

त्या संध्याकाळी आम्ही मार्कच्या बाराव्या अध्यायाच्या ३८व्या ओवीपासून तेराव्या अध्यायाच्या दुसऱ्या ओवीपर्यंत वाचले. फळ्यावर जे उतरले ते थोडक्यात असे:

१. विधवेच्या गोष्टीच्या लगेच आधी येशू शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो. लांब झगे, बाजारातले नमस्कार, सभास्थानातल्या पुढच्या जागा, मेजवानीतले मान हे सर्व त्यांना आवडते. आणि ते विधवांची घरे गिळंकृत करतात, देखाव्यासाठी लांब प्रार्थना करतात, असेही तो म्हणतो.

२. म्हणजे 'विधवा' हा शब्द दानाच्या गोष्टीत पहिल्यांदा येत नाही. तो त्याआधीच, चाळीसाव्या ओवीत, येऊन गेलेला आहे. दोन ओव्यांनंतर एक विधवा प्रत्यक्ष समोर येते.

३. येशू दानपेटीसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात हे पाहत असतो. तो विधवेशी काहीच बोलत नाही. शिष्यांना जवळ बोलावून त्यांच्याशी बोलतो.

४. तो श्रीमंतांचे आणि तिचे दान मोजून दाखवतो. त्यांनी उरलेल्यातून दिले. तिने तिची सारी उपजीविका दिली. 'तुम्हीही असेच करा' असे तो म्हणत नाही. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्याच्या शेवटी, लूकच्या दहाव्या अध्यायात, तो अगदी स्पष्टपणे तसेच करायला सांगतो. इथे नाही.

५. यानंतर ते मंदिरातून बाहेर पडतात. एक शिष्य त्या भव्य दगडांकडे आणि इमारतींकडे बोट दाखवतो. येशू म्हणतो की यातला दगडावर दगड राहणार नाही.

पाचवी नोंद फळ्यावर लिहिली गेली आणि खोलीत एकदम शांतता पसरली. ज्या इमारतीसाठी विधवेने शेवटची नाणी टाकली, ती इमारत पडणार आहे, हे येशू त्याच श्वासात सांगत होता. आणि आम्ही हीच गोष्ट छपरासाठी वापरली होती.

मधल्या भिंती कोणी घातल्या?

हे सारे आम्हाला आधी का दिसले नाही? दोन कारणे आमच्या ध्यानात आली. पहिले म्हणजे अध्यायांची विभागणी. मूळ लेखकांनी अध्याय आणि ओव्या पाडलेल्या नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांच्याकडून आली आणि नव्या कराराच्या ओव्यांना आजचे क्रमांक १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने दिले. सोय म्हणून ती फार चांगली आहे. पण मार्कमध्ये विधवा आणि मंदिराच्या नाशाचे भाकीत यांच्यामध्ये अध्याय संपतो, तर लूकमध्ये शास्त्री आणि विधवा यांच्यामध्ये अध्याय संपतो. अध्याय संपला की आपण पुस्तक मिटतो. विचार मात्र पुढे चालूच असतो.

दुसरे कारण आपल्या उपासनेतले आहे. 'ब' वर्षातल्या सामान्यकाळाच्या ३२व्या रविवारी हा उतारा वाचला जातो. त्या दिवशी दीर्घ आणि संक्षिप्त असे दोन पर्याय असतात. दीर्घ वाचनात शास्त्र्यांवरची टीका येते, संक्षिप्त वाचनात फक्त विधवेची गोष्ट. दोन्ही वाचने ख्रिस्तसभेनेच दिलेली आहेत. पण जो नेहमी संक्षिप्तच ऐकतो, त्याला पूर्ण चित्र दिसत नाही, हेही खरे.

त्याच रविवारचे पहिले वाचन राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायातले, सारफथच्या विधवेचे असते. तेही आम्ही त्याच पद्धतीने वाचले. एलिया संदेष्टा तिच्याकडे भाकर मागतो, तीही आधी आपल्यासाठी. वरवर पाहता आमच्यासारखेच! पण तो रिकाम्या हाताने मागत नाही. मडक्यातले पीठ सरणार नाही आणि कुपीतले तेल आटणार नाही, हे देवाचे वचन तो तिला देतो. आणि शेवटी ती, तिचे घरचे आणि संदेष्टा सगळेच पुष्कळ दिवस जेवतात. ती देते आणि उपाशी राहत नाही. आम्ही आजींकडे मागितले तेव्हा त्यांच्या डब्यात पीठ किती आहे, हे विचारलेसुद्धा नव्हते.

पुढच्या दोन बैठकांत आणखी काही गोष्टी कळल्या. त्या दोन नाण्यांची किंमत मार्क स्वतःच सांगतो. जुन्या मराठी भाषांतरांत त्यासाठी 'टोली' आणि 'दमडी' असे शब्द आहेत. मजुराचा एका दिवसाचा रोज म्हणजे एक दिनार धरला, तर ती दोन नाणी मिळून त्याचा चौसष्टावा भाग होतो. आज पाचशे रुपये रोज धरला तर आठ रुपयेसुद्धा नाहीत! आणि शेवटी 'उपजीविका' यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ 'जीवन' असाही होतो. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात, दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाता यावे म्हणून ठेवायला सांगितले आहे. म्हणजे नियमाप्रमाणे विधवा ही घेणारी असायला हवी होती. आणि याच मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशा लोकांना झिडकारतो, जे म्हाताऱ्या आईबापांच्या वाट्याचे देवाला वाहिले असे सांगून हात वर करतात.

आपल्याच नागपुरातले एक उदाहरण

अशा रीतीने पाहणे ही काही परकी किंवा नवी गोष्ट नाही. आपल्या शहरात तिचा एक सुंदर नमुना होऊन गेला. हिस्लॉप कॉलेज आपणा सर्वांना माहीत आहे. ज्यांच्या नावाने ते १८८३ साली सुरू झाले, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. ते कॅथलिक नव्हते, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. शाळा चालवणे आणि शुभवर्तमान सांगणे हे त्यांचे काम. पण या कामातून वेळ काढून ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर नागपूरच्या आसपासचे दगड तपासत फिरत.

सीताबर्डीची टेकडी, टाकळीचा परिसर इथला काळा दगड आपण रोज पाहतो. तो लाव्हारसाचा आहे. हिस्लॉप यांना या काळ्या थरांच्या मधोमध एक पातळ, वेगळाच थर दिसला आणि त्यात बारीक शंखशिंपले दिसले. घाईचा माणूस म्हणाला असता, शिंपले म्हणजे समुद्र! पण त्यांनी ते शंख नीट तपासले. ते गोड्या पाण्यातले होते. लाव्हारसाचे दोन लोंढे येऊन गेले, त्यांच्या मधल्या काळात इथे शांत तळी होती आणि त्यांत जीव नांदत होते, असा अर्थ त्यातून निघाला. नागपूरच्या भूगर्भाविषयीचा त्या दोघांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापला गेला.

यात आपल्यासाठी आणखी एक धडा आहे. हिस्लॉप यांनी त्या थरांचे जे वय मानले होते, ते पुढे बदलले. त्यांनी ते 'तृतीयक' कालखंडातले मानले. आजचे शास्त्रज्ञ त्यांना डायनोसॉरच्या अखेरच्या काळाजवळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ठेवतात. निष्कर्ष सुधारला गेला, पण निरीक्षण वाया गेले नाही. शंख तिथे होते आणि ते गोड्या पाण्यातले होते, हे आजही खरे आहे. जो प्रामाणिकपणे पाहतो, त्याची चूक दुसऱ्याला सुधारता येते. जो न पाहताच बोलतो, त्याची चूक सुधारायला पकडायचे तरी कुठे?

माणसांचे ऐकतानाही हिस्लॉप यांची हीच रीत होती. गोंड बांधवांची लिंगोची गाथा त्यांनी गोंडी शब्दांत टिपून घेतली, त्यासोबत तिचा अर्थही लिहिला. त्यांचे हे कागद १८६६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. हिस्लॉप स्वतः ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून वारले. दगडाला आणि दुसऱ्या समाजाच्या गाथेला जो आदर या माणसाने दिला, निदान तेवढा आदर आपण आपल्या पवित्र ग्रंथाला द्यायला नको काय?

आपल्या महाराष्ट्रात असा आदर देणारे आणखीही झाले. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवले आणि १९२२ साली देह ठेवण्याआधी ते काम पुरे केले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' तर आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. एकेका शब्दावर थांबणाऱ्या अशा माणसांमुळे आपल्याला वाचायला सोपे झाले. सोपे झाले म्हणून आपण मात्र थांबायचेच विसरलो!

काही रास्त शंका

आम्ही हे इतरत्र सांगितले तेव्हा काही शंका पुढे आल्या. त्या रास्त आहेत.

कोणी म्हणाले, "हे काम फादरांचे. आपण वाचायला लागलो तर ज्याचा त्याचा अर्थ निघेल." शंकेत तथ्य आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाचा तो अधिकारी रथात बसून वाचत असतो आणि कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कळणार कसे, असे फिलिपाला विचारतो. एकट्याने वाचणे पुरेसे नाही. पण याच ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात बेरियाच्या लोकांचे कौतुक आहे, कारण ते पौलाचे ऐकून रोज शास्त्र तपासून पाहत. वाट दाखवणारा हवा आणि तपासणारे डोळेही हवेत. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित केलेल्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजात दोन्ही एकत्र सांगितले आहे. लेखकाला काय म्हणायचे होते आणि त्याने कोणता साहित्यप्रकार वापरला हे शोधावे, आणि त्याच वेळी संपूर्ण बायबलची एकता आणि ख्रिस्तसभेची जिवंत परंपरा ध्यानात ठेवावी. आमच्याही समूहाने चौथ्या बैठकीला धर्मगुरूंना बोलावले आणि आमचा फळा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सांगितले की या उताऱ्याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. परंपरेने विधवेकडे संपूर्ण समर्पणाचा आदर्श म्हणून पाहिले आहे. काही अलीकडच्या अभ्यासकांना येशूच्या शब्दांत स्तुतीपेक्षा दुःख अधिक ऐकू येते. "दोन्ही ऐका," ते म्हणाले, "पण ज्याने ओव्या ३८ ते ४० वगळल्या त्याने एकही ऐकलेले नाही."

दुसरी शंका एका दुकानदार बंधूंनी काढली आणि ती ऐकून आम्हाला हसू आले. ते म्हणाले, "म्हणजे येशूने द्यायला सांगितलेच नाही. बरे झाले!" तेव्हा त्या मुलीने पुन्हा विचारले, "भाऊ, कुठल्या ओवीत?" आणि त्यांचेही बोट चव्वेचाळिसाव्या ओवीवर येऊन थांबले, जिथे उरलेल्यातून देणाऱ्या श्रीमंतांचा हिशेब येशूने मांडलेला आहे. ते बंधू बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. काळजीपूर्वक वाचनाची हीच गंमत आहे. ते मागणाऱ्यालाही सोडत नाही आणि न देणाऱ्यालाही सोडत नाही.

तिसरी शंका अधिक खोल आहे. "इतके तपासत बसलो तर भक्ती कोरडी पडेल." आमचा अनुभव उलटा आहे. बाराव्या शतकातल्या गुइगो या कार्थुशियन मठवासीयाने पवित्र वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. पहिली पायरी वाचन हीच आहे. ती गाळून जो प्रार्थनेवर उडी मारतो, तो बहुधा स्वतःच्याच विचारांची प्रार्थना करतो. आपण आपल्या आवडत्या माणसाचे पत्र कसे वाचतो? पुन्हा पुन्हा, एकेका शब्दावर थांबून. त्याला आपण कोरडेपणा म्हणत नाही.

मग खोटे कुठे होते?

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही वाचलेला एकही शब्द खोटा नव्हता. मग चूक कुठे झाली?

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नका असे सांगते. साक्षीदार खोटा कधी ठरतो? जे घडले नाही ते सांगितले तर ठरतोच. पण जे घडले त्यातले अर्धे, स्वतःच्या सोयीचे तेवढेच सांगितले तरीही ठरतो. न्यायालयात उलटतपासणी असते ती यासाठीच. आम्ही चार ओव्या वाचल्या आणि आधीच्या तीन सोडल्या. त्या तीन ओव्यांत आमचे वर्णन होते. पुढे पुढे वावरणे, मानाच्या जागा, लांब प्रार्थना आणि विधवेचे घर, सारे त्यांत होते. आरसा झाकून ठेवून आम्ही आजींना फक्त पाटी दाखवली.

यातून आम्ही आपल्यासाठी एक कसोटी घेतली आहे. आपण एखाद्या वचनाचा जो अर्थ लावतो, त्याची किंमत कोण मोजतो? दर वेळी ती दुसराच मोजत असेल आणि फायदा आपला होत असेल, तर पुन्हा वाचायला हवे. नवरा बायकोला अधीन राहण्याची ओवी ऐकवतो आणि लगेच पुढची, पतीने कसे प्रेम करावे ती, गाळतो. आजाऱ्याला कोणी सांगतो की तुझा विश्वास कमी पडला. पण योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनी कोणाच्या पापामुळे असे विचारले तेव्हा येशूने काय उत्तर दिले, ते सांगत नाही. मुलांना आईबापांचा मान राखायला सांगताना मुलांना चिडीस आणू नका हे सांगायचे राहून जाते. अशा वेळी वचन आपल्या हातात पडलेल्या काठीसारखे होते. काठी आधाराची असते. आपण ती उगारतो.

म्हणून काळजीपूर्वक वाचणे ही केवळ हुशारीची किंवा अभ्यासाची बाब नाही. ती शेजारप्रीतीची बाब आहे. आपल्या घाईची किंमत बहुतेक वेळा जो सर्वांत दुबळा असतो तोच मोजतो.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. आम्ही ते हजार रुपये घेऊन आजींकडे गेलो, क्षमा मागितली आणि पैसे परत घ्या म्हणालो. आजी रागावल्या. "माहे पैसे होते, मी देल्ले. देवाले देल्लेलं कोनी वापस घेते काय जी?" आम्ही समजावू लागलो की आम्ही तुम्हाला नीट वाचून दाखवले नव्हते. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमी काय वाचलं ते तुमचं तुमी पाहा. मी कोनासाठी देल्लं ते मले ठाऊक आहे."

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांचे देणे खरे होते. खोटे होते ते आमचे मागणे. विधवेचे प्रेम थोर आहे म्हणून शास्त्र्यांचा दोष कमी होत नाही; आणि शास्त्र्यांच्या दोषामुळे तिचे प्रेम लहान होत नाही. मार्कने दोन्ही शेजारीशेजारी ठेवले ते बहुधा याचसाठी. आजींच्या औषधांचा खर्च आता समूह उचलतो, आणि वर्गणी मागायला निघण्याआधी कोणाकडे मागायचे नाही व कोणाला द्यायचे आहे याची यादी आम्ही आधी करतो.

घरी कसे करावे?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी, संत जेरोमच्या सणादिवशी, सामान्यकाळाचा तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून पाळण्याचे ठरवून दिले. पण वचनासाठी वर्षाचा एक रविवार पुरत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, टीव्ही आणि मोबाइल बंद करून, अर्धा तास द्या. येत्या रविवारचे शुभवर्तमान घ्या. दहा ओव्या आधीच्या आणि दहा पुढच्या वाचा. कोण आहे, कुठे आहे, कोण कोणाशी बोलतो, कोणता शब्द पुन्हा येतो, 'पण' आणि 'म्हणून' कुठे आहे, हे वहीत लिहा. घरातल्या लहानांना आधी बोलू द्या. त्यांना अर्थ ठाऊक नसतो, म्हणून ते नीट पाहतात. नंतरच अर्थ विचारा, आणि सर्वांत शेवटी, यात मी कोण आहे, हे विचारा. अडेल तिथे फादरांना किंवा सिस्टरांना विचारा. चुकलो तर सुधारू, पण पाहिल्याशिवाय बोलणार नाही, एवढा निश्चय पुरे.

चिंतनासाठी

१. मी इतरांना वारंवार ऐकवतो असे एक वचन कोणते? त्याच्या आधीच्या आणि पुढच्या ओव्या मी कधी वाचल्या आहेत काय?

२. आपल्या वस्तीत देणाऱ्यांच्या यादीत असलेली, पण खरे तर घेणाऱ्यांच्या यादीत असायला हवी अशी व्यक्ती कोण?

३. माझ्या अर्थाची किंमत आज कोण मोजत आहे?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू दानपेटीसमोर बसून शांतपणे पाहिलेस. आम्हाला तुझे डोळे दे. तुझे वचन बोलण्याआधी ते ऐकण्याचा धीर दे. जे आम्ही गाळले ते आम्हाला दाखव, आणि आमच्या घाईने जे दुखावले गेले त्यांच्या दाराशी आम्हाला पुन्हा घेऊन जा. आमेन.